उजवीकडची जागा

१९६४ साल. पावसाळा नुकताच सरला होता, हरणमाळावरचं गवत अजून हिरवं होतं, आणि आठशे फुटांवर कॅप्टन बिवलकरांनी माझ्याशेजारी बसल्या बसल्या वर्तमानपत्र उघडलं.

पुष्पक विमान ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. दोनच माणसांचं विमान. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा, आणि दोघांच्या कोपरांमध्ये वीतभर अंतर. तिथं रुमाल झटकायचा तरी पंचाईत, आणि हे सद्गृहस्थ स्वतःच्या तोंडापुढे आख्खा पेपर धरून बसलेले.

"सर, मला उजवीकडचं काही दिसत नाही."

"उजवीकडे काय आहे?"

"तुम्ही."

"मग बरोबर आहे. चक्कर डावीकडून चाललीय, धावपट्टी डावीकडे आहे, वाऱ्याची पिशवी डावीकडे आहे. उजवीकडे फक्त मी. आणि मी काही बघण्यासारखा नाही, हणमशेट."

मी तशीच चक्कर पुरी केली आणि विमान उतरवलं. चाकं टेकेपर्यंत त्यांनी पेपर खाली केला नाही. उतरल्यावर पेपराची घडी घालून खिशात कोंबत म्हणाले, "काहीही करायच्या आधी तू माझं तोंड बघतेस. वळू का, तोंड बघ. इंजिन कमी करू का, तोंड बघ. माझ्या नाकावर धावपट्टी रंगवलीय का?"

ते खरंच होतं. इतकंच काय, एकटीनं विमान उडवायला लागल्यावरही मी उतरताना धावपट्टीच्या कडेला ते कुठं उभे आहेत ते शोधायची. त्यांनी मान हलवलेली दिसली की मगच मला उतरल्यासारखं वाटायचं. त्यामुळे महिना होत आला तरी लांबच्या उड्डाणाला ते मला सोडत नव्हते. एकटीनं दुसऱ्या गावच्या मैदानावर जायचं, तिथं उतरायचं आणि परत यायचं. ते केल्याशिवाय परवाना नाही. माझ्यामागून आलेला दिनकर आवटी ते करून मोकळा झाला होता आणि दिवसातून दोनदा मला त्याची आठवण करून द्यायचा.

माझ्या वडलांचं सायकलींचं दुकान होतं. पोरगी विमान शिकते म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची. "हणमशेट, आता विमानाचं पंक्चर काढायला शिका," असं लोक म्हणायचे, आणि ते हसून "शिकतोय की" म्हणायचे. सरकारी अनुदानामुळे आमच्यासारख्यांना क्लबची फी परवडत होती, आणि अनुदानावर कुणाला ठेवायचं हे क्लबचे चिटणीस माणगावे वकील ठरवत. दुसरा जवळचा क्लब होता पुण्याला. तिथं राहून शिकणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. हरणमाळ सुटला की विमान सुटलं, इतका साधा हिशोब होता.

मैदान मात्र क्लबचं नव्हतं. ते राजेसाहेबांचं. संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माळ त्यांच्या खाजगीत राहिला होता आणि त्यांच्या मर्जीनं आम्ही तिथं उडत होतो.

रोज सकाळी विमानं बाहेर काढायच्या आधी कॅप्टन आम्हाला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीच्या खांबाखाली बसवून नियमांचा परवचा घ्यायचे. चुकेल त्यानं धावपट्टीच्या टोकापर्यंत पळत जाऊन यायचं.

"दोन विमानं एकदम उतरायला आली तर?"

"खालच्याला आधी वाट," आम्ही कोरसात म्हणायचो.

"पण?"

"पण त्याचा फायदा घेऊन खालच्यानं दुसऱ्याच्या पुढं घुसू नये."

"टेहळणीच्या मचाणावरून लाल दिवा लुकलुकला तर?"

"मैदान धोक्याचं. उतरू नये."

"स्टुडंट पायलटनं प्रवासी म्हणून कुणाला न्यावं?"

"कुणालाही नेऊ नये!"

"सख्ख्या आजीला?"

"आजीलाही नाही!"

"सर, गणपतीची मूर्ती चालेल," आवटी म्हणायचा. "ती सामानात धरतात."

आवटी पळायला जायचा. तो परत आला की शेवटचा प्रश्न ठरलेला असे.

"आणि विमानात शेवटचा शब्द कुणाचा?"

"चालवणाऱ्याचा!"

रामरक्षा म्हणावी तसं म्हणायचो आम्ही हे. अर्थाकडे लक्ष कोण देतो?

खंडेनवमीला क्लबात विमानांची पूजा असे. आम्ही दोन्ही पुष्पकं धुऊन पुसून उभी केली, पंख्याच्या पात्यांना हळदकुंकू लावलं, नाकावर झेंडूच्या माळा घातल्या. नारळ विमानावर फोडायचा नाही, बाजूच्या दगडावर फोडायचा, अशी कॅप्टनांची सक्त ताकीद होती. दरवर्षीप्रमाणे राजेसाहेब आले. त्यांच्या गाडीमागून दुसरी गाडी आली. काळी, लांबलचक, खिडक्यांना मखमली पडदे. ती हॅंगरपासून दूर बाभळीच्या सावलीत थांबली, आणि तिच्यातून कुणीच उतरलं नाही.

"आईसाहेब," आवटी माझ्या कानाशी पुटपुटला. "राजेसाहेबांच्या मातोश्री. गोषातल्या. आमच्या आजोबांनी सुद्धा त्यांना पाहिलेलं नाही."

आरती झाली. प्रसाद वाटणं चालू असताना माणगावे वकील घाईघाईनं माझ्याकडे आले. त्यांच्या उपरण्याला गुलाल लागला होता आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या व्याह्यासारखी धांदल होती.

"मिस हणमशेट, तयार व्हा. आज तुमचा मोठा मान आहे. आईसाहेबांना विमानात बसायचंय."

"कॅप्टनसाहेब नेतील की."

"परपुरुषाशेजारी त्या बसतील का? त्या डबीएवढ्या जागेत? छे छे. बाईमाणूस हवं. आणि बाईमाणूस तुम्हीच आहात."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. "पण वकीलसाहेब, मी अजून शिकतेय. मला प्रवासी नेता येत नाही."

"एक चक्कर. दहा मिनिटं."

"नियम आहे तसा."

"नियम दिल्लीत असतात हो. हा हरणमाळ आहे."

एव्हाना सगळे आमच्याभोवती गोळा झाले होते. राजेसाहेबही आले. उंच, शांत माणूस. आवाज कधी चढायचा नाही. "काय अडचण आहे?" त्यांनी विचारलं. वकिलांनी सांगितलं.

"बाळ, जबाबदारी आमची," राजेसाहेब म्हणाले. "काही झालं तर दिल्लीला आम्ही उत्तर देऊ."

मी काय केलं असेल? वळून कॅप्टन बिवलकरांच्या तोंडाकडे पाहिलं.

ते हॅंगरच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. दहा पावलांवर. सगळं ऐकू जात होतं त्यांना. माझी नजर त्यांच्यावर पडली, त्यांनी ती पाहिली, खिशातून पेपर काढला, उघडला आणि तोंडापुढे धरला.

त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला, तसा आयुष्यात फार थोड्यांचा आला असेल. युद्धात ब्रह्मदेशावर विमानं नेलेला माणूस, एका वकिलाला आणि एका राजाला घाबरून पेपरामागं लपला! रोज सकाळी आमच्याकडून नियम घोकून घेणारा! एक शब्द, "नाही," एवढाच तर त्यांनी म्हणायचा होता.

"अगं, एक चक्कर मारून ये ना," आवटी हळूच म्हणाला. "तुला येतंय की सगळं. माळ गेला तर आपण सगळेच घरी बसू."

बोलणं खोटं नव्हतं त्याचं. मला विमान येत होतं. वारा संथ होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. काहीही झालं नसतं. पण उजवीकडच्या जागेवर बसणाऱ्या बाईला हे ठाऊक नसणार की डावीकडची पोरगी अजून दुसऱ्याचं तोंड बघून विमान वळवते. मला ते ठाऊक होतं.

"सरकार," मी म्हटलं. "दिल्लीला उत्तर तुम्ही द्याल. पण वर गेल्यावर तिथं तुम्ही नसणार. जबाबदारी विमान चालवणाऱ्याचीच असते, ती दुसऱ्याला घेता येत नाही. मी नेणार नाही."

राजेसाहेबांनी वकिलांकडे पाहिलं.

"मग हे तुम्हीच जाऊन सांगा आईसाहेबांना," माणगावे वकील म्हणाले. ते कपाळावरचा घाम पुसत होते. "आणि उद्यापासून तुमचं अनुदान वगैरे कमिटी बघेल. मला विचारू नका."

बाभळीखालची ती गाडी मला मैलभर दूर वाटली. ड्रायव्हर आधीच बाजूला जाऊन पाठमोरा उभा होता. मी काचेवर टकटक केलं. पडदा बोटभर सरकला, मग दार उघडलं.

आत अत्तराचा वास होता आणि एक लहानशी, सुरकुतलेली, फार ताठ बसलेली बाई. पदर कपाळापर्यंत. पायांत, मला अजून आठवतं, पांढरे मोजे आणि नवेकोरे कॅनव्हासचे बूट.

"हे बूट चालतील ना?" त्यांनी विचारलं. "आम्ही मुद्दाम मागवले."

मी दाराशीच वाकून उभी राहिले आणि सांगितलं. सगळं, सरळ. मी विद्यार्थिनी आहे, मला कुणाला नेण्याची परवानगी नाही, आणि मी नेणार नाही.

आईसाहेबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आमच्या घरात आम्हाला नाही म्हणणारी सून अजून आलेली नाही."

"मी घरात म्हणत नाही, आईसाहेब. मैदानावर म्हणतेय."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू होतं की राग, कळलं नाही.

"तुला ठाऊक आहे आम्हाला कुठं जायचंय?"

"नाही."

"सगुणासागर बघितलायस?"

तलाव कुणी बघितला नव्हता! आठ मैलांवर होता. आमच्या सहली जायच्या तिथं.

"सगुणा म्हणजे मी," त्या म्हणाल्या. इतका वेळ त्या स्वतःला 'आम्ही' म्हणत होत्या. "दुष्काळात सरकारांनी, माझ्या यजमानांनी बांधला, माझं नाव दिलं. बांधावर हजार माणूस कामाला, मग तिथं मी कशी जाणार? नंतर नंतर जायचं राहिलंच. माझ्या नावाचं पाणी सगळा मुलूख पितो, आणि मी ते पाहिलेलं नाही. वरून बघितलं तर तिथं कोण मला बघणार? म्हटलं, वरून बघावं."

त्यांनी बुटांची टोकं एकमेकांना जुळवली.

"तुला विमान येतं ना?"

"एकटीपुरतं येतं, आईसाहेब. दुसऱ्याचा जीव शेजारी घेऊन अजून येत नाही."

"कधी येईल?"

"परवाना मिळाला की. पहिली प्रवासी तुम्ही. माझ्या वडलांच्याही आधी."

"मी एकाहत्तर वर्षांची आहे. तोवर नाही राहिले तर?"

त्यांनी डोळे माझ्या डोळ्यांवर रोखले होते. मी नजर वळवली नाही.

"शंभर वर्षं जगाल, असं म्हणाली नाहीस," त्या म्हणाल्या. "ते बरं केलंस." आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

गाडी धूळ उडवत गेली. प्रसाद न घेता. पाठोपाठ राजेसाहेबही गेले. "गेला माळ," माणगावे वकील कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले.

दसरा घरात कसा गेला, मला आठवत नाही. वडलांना मी सगळं सांगितलं. ते सायकलीची तार आवळत ऐकत होते. म्हणाले, "दुकानात बस मग उद्यापासून. ट्यूब लावायला माणूस हवाच आहे." आणि थोड्या वेळानं, मान वर न करता, "जाऊन तरी ये उद्या. हाकलतील तेव्हा हाकलतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून माळावर गेले. एक पुष्पक बाहेर काढून ठेवलेलं होतं. झेंडूची माळ उतरवलेली, पात्यांवर कुंकवाचे पुसट डाग. कॅप्टन पंखाखाली उकिडवे बसून नकाशा बघत होते.

"उशीर झाला तुला. लांबच्या उड्डाणाला जायचंय. एकटीनं."

"माझं अनुदान बंद होणार आहे."

"होईल तेव्हा होईल. माळ राजेसाहेबांचा, कमिटी वकिलांची. पण कुणाला सोडायचं ही सही माझी असते."

मला राहवलं नाही. "परवा कुठं गेली होती तुमची सही? तुम्ही तिथं बसून पेपर वाचत होतात!"

ते उठले. खिशातून तोच पेपर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी उलगडला. दोन्ही कडांना, जिथं धरला होता तिथं, अंगठ्यांनी आरपार भोकं पडली होती. भोकांच्या कडा पूजेच्या हळदकुंकवानं माखलेल्या.

"एक अक्षर वाचलं असेल तर शपथ," कॅप्टन म्हणाले. "मी 'नाही' म्हटलं असतं तर ते माझं 'नाही' झालं असतं, हणमशेट. मला तुझं ऐकायचं होतं."

"आणि मी 'हो' म्हटलं असतं तर?"

"पंख्यापुढं आडवा पडलो असतो," ते म्हणाले. "चल, नकाशा घे."

मी गेले. उजवीकडची जागा रिकामी होती. पट्टा मी नीट बांधून ठेवला होता, लोंबकळून कशात अडकू नये म्हणून. वर गेल्यावर सवयीनं मान एकदा उजवीकडे वळली. रिकामी गादी, आणि तिच्यापलीकडे खिडकीतून, डोंगराच्या कुशीत, चांदीच्या परातीसारखा सगुणासागर. उजवीकडच्या खिडकीतून तो नीट दिसतो, हे मी मनात टिपून ठेवलं. मग मान वळवली ती पुन्हा वळली नाही. परतीला हरणमाळ दिसला. धावपट्टीच्या कडेला कुणीच नव्हतं. कॅप्टन मुद्दाम हॅंगरात जाऊन बसले होते. मी वाऱ्याची पिशवी पाहिली, मचाणावरचा हिरवा दिवा पाहिला आणि उतरले.

कमिटी काही भरली नाही. त्याचं कारण पुढच्या गुरुवारी कळलं. ती काळी गाडी आली, बाभळीखाली थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी निरोप दिला नाही. मी दोन चकरा मारून उतरले तशी गाडी निघून गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. माणगावे वकील त्या पडद्यांकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि आत जायचे.

"हणमशेट," कॅप्टन म्हणायचे, "तुझी प्रवासी आली बघ. नीट उतर."

मार्चात परवाना आला. त्या गुरुवारी मी स्वतः गाडीपाशी गेले.

माळावरच्या सगळ्या पुरुषांना कॅप्टननी हॅंगरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं, राजेसाहेबांसकट. पण इंजिन सुरू करण्यासाठी पंखा हातानं फिरवायला कुणीतरी हवं होतं. तो मान आवटीकडे आला. तो डोळे मिटून चाचपडत यायला लागला तशी आईसाहेब पदराआडून म्हणाल्या, "त्याला डोळे उघडायला सांग गं. हात तुटेल मेल्याचा."

नव्या बुटांचा पाय ठेवून त्या चढल्या. मी त्यांचा पट्टा आवळला. चाकं सुटली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मग, आपण काहीतरी गैर केल्यासारखं, सोडून दिलं.

तलाव आला. मी उजवा पंख खाली झुकवला. बांधावर बायका कपडे धूत होत्या. त्यांनी माना वर केल्या, हात हलवले. आईसाहेबांनी पदर मागं सारला. सगळा, डोक्यावरून. त्यांचे पांढरे केस मी पहिल्यांदा पाहिले.

"केवढं पाणी आहे गं," त्या म्हणाल्या.

आम्ही तलावाभोवती तीन फेऱ्या घेतल्या. परत फिरताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाल्या, "पोरी, इकडं बघ तरी! मला काय वाटतंय ते माझ्या तोंडावर बघ!"

"उतरल्यावर बघते, आईसाहेब," मीही ओरडले. "आता मला बाहेर बघावं लागतं."

आईसाहेब त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. दर गुरुवारी गाडी तलावावर जायची. शेवटच्या काही वर्षांत त्या उतरून बांधावर बसायच्या, कपडे धुणाऱ्या बायकांशी बोलत. राजेसाहेबांनी माळ लांबच्या करारानं क्लबला दिला; ते गेल्यावर तो विकला गेला, आज तिथं कारखान्यांच्या शेडी आहेत. माणगावे वकील पुढं दरवर्षी भाषणात "आमच्या क्लबची शिस्त" म्हणून खंडेनवमीची गोष्ट सांगायचे. त्या गोष्टीत नकार देणारे ते स्वतः असायचे. आवटी प्रवासी विमानांवर कॅप्टन झाला, निवृत्त होऊन मुलीकडे कॅनडात गेला, दसऱ्याला फोन करतो, अजून तेच, "मी तुझ्याआधी गेलो होतो लांबच्या उड्डाणाला." वडील माझे दुसरे प्रवासी. विमान उतरल्यावर त्यांनी खाली वाकून आधी चाकातली हवा बघितली. कॅप्टन बिवलकर १९८१ साली गेले. त्यांच्या सामानातलं काही हवं का, असं त्यांच्या पत्नीनं विचारलं, तेव्हा मी काही मागितलं नाही. भोकं पडलेला तो पेपर माझ्याकडे होता.

मी पुढं उजवीकडच्या जागेवर गेले आणि जवळजवळ तीस वर्षं तिथंच बसले. किती पोरापोरींना शिकवलं त्याची मोजदाद नाही. काही आज तुम्हाला देशोदेशी नेऊन सोडतात. त्यांतला जो कुणी वळायच्या आधी माझं तोंड बघायचा, त्याला मी कधी रागावले नाही. माझ्या पिशवीत शेवटच्या दिवसापर्यंत एक वर्तमानपत्र असायचं.